मनालाही एक सस्पेन्स खातं हवं

पत्र :

ताई, नमस्कार. मी एका सरकारी बँकेत अधिकारी आहे, वय ३४. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आले. नवरा सांगलीला शिक्षक आहे. मुलगी सहा वर्षांची, ती सासूबाईंजवळ असते. शाखेत पाच जणांचं काम आम्ही तिघं करतो. दिवसभर काउंटर, पीककर्जाची प्रकरणं, थकबाकीदारांकडे फेऱ्या आणि संध्याकाळी सहाला वरिष्ठांचा कॉल. विम्याच्या पॉलिसी ज्या शाखेच्या शून्य, तिचं नाव त्यात सगळ्यांसमोर वाचलं जातं. गेले चार महिने पाच वाजले की माझ्या छातीत धडधड सुरू होते, बोटांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही. एकदा वाटलं, हार्ट अटॅकच आला. ईसीजी काढला, तो नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका.’ एका सहकाऱ्याने झोपेची गोळी दिली आहे, ती अर्धी अर्धी करून अधूनमधून घेते. रविवारी दुपारपासूनच सोमवार अंगावर यायला लागतो. राजीनाम्याचा मसुदा मोबाइलमध्ये लिहून ठेवला आहे. घरी म्हणतात, सरकारी नोकरी कोणी सोडतं का? ताई, मी कमकुवत आहे का? राजीनामा देऊ का?

उत्तर :

कमकुवत माणूस लेकरापासून इतक्या लांब राहून पाच जणांचं काम दोन वर्षं ओढत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. दुसऱ्या प्रश्नाकडे मी सर्वात शेवटी येणार आहे. छाती धडधडत असताना घेतलेला निर्णय आपला नसतो, तो त्या धडधडीचा असतो.

तुम्हाला माहीत नसेल, पण समुपदेशनाकडे वळण्याआधी मीही बावीस वर्षं बँकेत काढली. त्यामुळे संध्याकाळच्या त्या कॉलआधी टेबलावरचे कागद उगाच सारखे करत बसणारा हात कसा दिसतो, हे मला पत्र वाचतानाच दिसलं.

आधी शरीराचं बघू. तुम्ही वर्णन केलंय ते पॅनिक अटॅकचं चित्र आहे. धोका दिसला की शरीर अॅड्रेनलिन सोडतं, हृदय जोरात धावतं, श्वास भरभर होतो. समोर वाघ असता तर हे सगळं कामी आलं असतं. समोर असते हेडफोन लावलेली खुर्ची. पळायचं कुठे? श्वास मात्र भरभरच चालू राहतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, चक्करल्यासारखं वाटतं. म्हणजे ‘श्वास पुरत नाही’ असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात तुम्ही गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असता. ही लाट बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत शिखराला पोचते आणि मग उतरते. तिच्यामुळे हृदय बंद पडत नाही. हे कागदावर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवा, कारण ऐन वेळी आठवत नाही.

आणि म्हणूनच ‘खोल खोल श्वास घ्या’ हा सगळे देतात तो सल्ला तुम्ही तसाच पाळू नका. घाबरलेला माणूस खोल श्वास घ्यायला गेला की आणखी हवा ओढतो आणि मुंग्या वाढतात. भर सोडण्यावर द्या. चार आकड्यांत नाकाने हलकाच श्वास घ्या, सहा आकड्यांत सोडा, जसा गरम चहावर फुंकर घालताना सोडतो तसा. मिनिटाला सहाच श्वास होतील. पाच मिनिटं पुरतात. पण हे पहिल्यांदा पावणेसहाला करायचं नाही. सकाळी, मन शांत असताना पंधरा दिवस करा. शरीराला वाट आधी ओळखीची व्हावी लागते, मग ती अंधारातही सापडते.

ईसीजी नॉर्मल आला हे चांगलंच झालं. तरीही एकदा थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड वाढलेलं असलं तरी छाती अशीच धडधडते, आणि डब्यावर अन् चहावर दिवस काढणाऱ्या बायकांत रक्त कमी असणं नवीन नाही. चहावरून आठवलं. शाखेत दर येणाऱ्या पार्टीबरोबर एक कप होतो, दिवसाला सहा-सात सहज. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. तीन-साडेतीनचा चहा सहाच्या कॉलला तुमच्या शेजारी बसलेला असतो, आणि रात्री अंथरुणातही. दुपारनंतरचा चहा बंद करून बघा. फार लहान गोष्ट आहे, पण अशी एखादी गोष्ट तरी पूर्ण आपल्या हातातली असावी.

आता त्या गोळीबद्दल, आणि इथे मी कडक बोलणार आहे. सहकाऱ्याने दिलेली गोळी बहुधा अल्प्राझोलाम किंवा त्याच कुळातली असेल. तिच्याने पटकन बरं वाटतं, आणि धोका नेमका त्या ‘पटकन’मध्येच आहे. काही आठवड्यांत शरीराला तिची सवय लागू शकते, मग अर्धीची एक होते. ती तुमच्या नावाने लिहून दिलेली नाही, किती दिवस घ्यायची हे कोणी ठरवलेलं नाही. ती बाजूला ठेवा आणि मनोविकारतज्ज्ञांना भेटा. रोज घेत असाल तर एकदम न तोडता त्यांना विचारूनच कमी करा. औषधाची गरज आहे असं त्यांना वाटलं तर ते बहुधा वेगळ्या प्रकारचं औषध देतील. त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तेव्हा आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही मनोविकाराची ओपीडी असते. ‘ऑफिसात कळलं तर?’ ही भीती मला ठाऊक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचं बंधन डॉक्टरांवर घातलंय, आणि मानसिक आजारावरच्या उपचारांना इतर आजारांप्रमाणेच विमा द्यावा, असंही त्याच कायद्यात आहे. रजेच्या अर्जावर ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ एवढं पुरतं.

आणि कधी रात्री खोलीत एकट्या असताना जगणंच नको असा विचार मनात डोकावला, तर सकाळची वाट बघू नका. १४४१६ लावा. ही टेली-मानस नावाची केंद्र सरकारची हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मराठीत आपण टेन्शन ‘घेतो’. डॉक्टरही तेच म्हणाले, घेऊ नका. मला हे क्रियापद पटत नाही. पाच जणांचं काम तिघांवर तुम्ही घेतलेलं नाही, ते दिलं गेलंय. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत मायकेल मार्मट आणि इतर आरोग्य-संशोधकांनी कर्मचाऱ्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. पहिला अभ्यास १९६७ ला सुरू झाला, दुसरा, मार्मट यांच्या नेतृत्वाखालचा, १९८५ ला. सगळ्यांना वाटत होतं, मोठ्या साहेबांना जबाबदारी जास्त, म्हणजे हृदयविकारही त्यांनाच जास्त. निघालं उलटं. जितकी पायरी खालची तितका हृदयविकार जास्त. आणि पुढच्या अभ्यासात एक कारण ठळक दिसलं : स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा किती. काम डोंगराएवढं असणं एक, आणि त्यातलं कोणतं आधी, कसं, कधी करायचं यातलं काहीच आपल्या हातात नसणं दुसरं. माणूस जास्त खचतो तो या दुसऱ्याने.

तुमचा संध्याकाळचा कॉल हे त्याचं शुद्ध उदाहरण आहे. गावात पाऊस लांबला, लोक खरिपाच्या बियाण्यासाठी पैसे मागायला येतात, आणि तुम्ही त्यांच्यापुढे पॉलिसीचा फॉर्म ठेवायचा. त्यांनी नाही म्हटलं तर शून्य तुमच्या नावावर. एखाद्याने पॉलिसी घ्यावी की नाही हे त्याच्या हातात, आणि मान खाली तुमची. चारचौघांत नाव वाचून माणसं कामाला लागतात हा समज मी बँकेत असतानाही होता. तेव्हाही तो चूकच होता. त्याने पॉलिसी वाढल्याचं मी पाहिलं नाही. नको असलेल्या माणसाच्या गळ्यात पॉलिसी बांधल्याचं मात्र पाहिलं.

तो कॉल तुम्ही बंद करू शकत नाही. पण त्यात तुम्ही कशा बसता, यातलं थोडं बदलता येईल. रोज साडेपाचला एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहा : आज काय झालं, काय नाही झालं, उद्या काय. ‘सर, आज पीककर्जाची नूतनीकरणं अकरा, थकीत खात्यांच्या भेटी चार, त्यातल्या दोघांनी हप्ता भरला. पॉलिसी शून्य. उद्या बचतगटाची बैठक आहे, तिथे बोलते.’ शून्य स्वतःच्या तोंडाने, सरळ आवाजात, बाकीच्या आकड्यांच्या रांगेत उभं करून सांगायचं. वाचून दाखवलं तरी चालेल. पहिलं वाक्य पाठ असलं की आवाज कापत नाही, आणि पहिलं वाक्य गेलं की बाकीची आपोआप जातात.

दुसरं, शाखाधिकाऱ्यांशी एकदा बसून बोला. तक्रार म्हणून नको, यादी घेऊन जा. आठवडाभर तुमचा वेळ कुठे गेला ते अर्ध्या-अर्ध्या तासाने वहीत टिपा आणि ती वही त्यांच्यापुढे ठेवून विचारा, ‘साहेब, यातलं आधी काय करू, आणि काय राहिलं तर चालेल?’ त्यांच्यावरही तोच कॉल असतो, हे विसरू नका. बऱ्याचदा तेही कोणीतरी विचारण्याची वाट बघत असतात. ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलने कळवून ठेवा. मनुष्यबळाची मागणी शाखेकडून लेखी गेली आहे का, हेही विचारा. नसेल तर संघटनेच्या प्रतिनिधीला गाठा, त्यासाठीच आपण वर्गणी भरतो.

इतकं करूनही पाच वाजता भीती येईलच, कारण तिचा एक भाग आपलं मन घडवतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५ पासून हे मांडत आले, आणि कि. मो. फडके यांनी ते मराठी माणसाला मराठीत समजावलं. त्यांचं म्हणणं असं, की घटनेने वाईट वाटतं, पण कोसळवते ती आपली ‘च’ची मागणी. ‘माझं नाव शून्यात येता कामाच नये. आलं तर मी कुचकामीच.’ तुमच्या पत्रातही हा ‘च’ आहे, पुन्हा वाचून बघा. त्याच्या जागी हे ठेवून पाहा : ‘नाव आलं तर मला वाईट वाटेल, दहा मिनिटं वाटेल, आणि मग मी मुलीला फोन लावेन.’ यात खोटा धीर नाही. वाईट वाटणार हे मान्यच आहे. फक्त वाईटाला वाईटच म्हणायचं, सर्वनाश म्हणायचं नाही.

आता माझी एक गोष्ट सांगते. नोकरीचं दुसरंच वर्ष होतं. खतावण्या हाताने लिहायचो, कॉम्प्युटर नव्हते. एका संध्याकाळी क्लिअरिंगमध्ये, म्हणजे इतर बँकांच्या चेकच्या हिशेबात, ३६० रुपयांचा फरक लागेना. आठ वाजले, साडेआठ वाजले. मी तेच आकडे परत परत बेरजेला घेत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. वाटत होतं, आता नोकरी गेली. आमचे जुने हेडक्लार्क चष्मा पुसत माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, ‘पोरी, सस्पेन्सला टाक आणि घरी जा. रात्री फरक सापडत नसतात, रात्री नवे होतात.’ दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला फरक मिळाला. मी एका चेकवरचा आकडा उलटा लिहिला होता.

सस्पेन्स खातं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. ज्याचा उलगडा आज होत नाही, ती रक्कम तारीख घालून तिथे उभी करायची आणि दिवस बंद करायचा. लपवायची नाही, नोंद असते. कायमची ठेवायची नाही, ऑडिटर विचारतो. पण तिच्यापायी आजचं पुस्तक उघडं ठेवायचं नाही.

पुढे मानसशास्त्र शिकताना मला कळलं, की थॉमस बॉर्कोवेक या अमेरिकी संशोधकाने १९८३ साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर चिंतेवर हाच उपाय तपासला होता. दिवसभर चिंता मनात आली की तिची नोंद घ्यायची आणि तिला सांगायचं, तुझी वेळ अमुक वाजता. मग रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास बसून फक्त चिंताच करायची. ‘चिंता करू नको’ म्हटलं की मन हट्टाला पेटतं. ‘साडेसातला कर’ म्हटलं की ते बऱ्याच वेळा ऐकतं.

तर एक शंभर पानी वही आणा. कॉल संपला, खोलीवर आलात, हातपाय धुतले, की साडेसात ते आठ तिच्यासमोर बसा. डावीकडे तारीख आणि चिंता, जशी मनात आली तशी. ‘ऑडिटमध्ये त्या ट्रॅक्टरच्या कर्जाचं विचारतील.’ ‘मुलगी मला विसरेल.’ उजवीकडे दोनच प्रकारचे शेरे. आपल्या हातातलं असेल तर उद्याचं एक पाऊल : ‘अकरा वाजता फाइल काढून आरसीची प्रत बघणे.’ हातातलं नसेल तर ‘सस्पेन्स’ आणि पुन्हा बघायची तारीख. आठला वही बंद. अंथरुणात काही आठवलंच, तर अंधारात चार शब्द खरडा आणि कूस बदला. जेवायच्या आधी बसा, जेवल्यावर नको, आणि पलंगावर तर अजिबात नको. दर शनिवारी मागची पानं चाळा. ज्या नोंदींची तारीख उलटली आणि काहीच झालं नाही, त्यांच्यावर लाल शाईने रेघ मारा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लाल रेघा किती झाल्यात ते तुम्हीच बघाल.

‘मुलगी मला विसरेल’ ही ओळ मी माझ्या मनाने लिहिली. तुमच्या पत्रात ती नाही, पण मुलीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, म्हणून मला ती ऐकू आली. सहा वर्षांचं मूल आईला विसरत नाही. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी रात्रभर बसने जाऊन तुम्ही पोचत असाल, तेव्हा त्या दीड दिवसात घर आवरायला लागू नका. सासूबाईंना सांगून तिच्या शाळेचं एखादं काम तुमच्याकडे घ्या. पाढे म्हणा, चित्रकलेची वही म्हणा. रोज रात्री सव्वाआठला फोनवर तेच करायचं. तुमची वही आठला मिटते ती त्यासाठी.

रजा घ्या. सलग आठ दिवसांची, या महिन्यात. ‘मी गेले तर शाखा कशी चालेल’ असं तुम्ही म्हणाल, सगळे म्हणतात. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्ये बँकांना सांगितलंय, की संवेदनशील जागांवरच्या माणसांना वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस, पूर्वसूचना न देता, सक्तीच्या रजेवर पाठवा. हेतू गैरव्यवहाराला आळा घालण्याचा आहे, तुमच्या झोपेचा नाही. पण खुद्द रिझर्व्ह बँक धरून चालते, की कुठलाही माणूस उद्यापासून दहा दिवस नसला तरी बँक चालली पाहिजे. मग तुम्ही का नाही धरत?

राहिला राजीनामा. घरचे म्हणतात तसं ‘सरकारी नोकरी कोण सोडतं’ हे काही मला कारण वाटत नाही. माणसं सोडतात, आणि नीट जगतात. पण तुमच्या पत्रातून मला बँकेचा कंटाळा दिसला नाही. दिसलं ते तुटपुंजं मनुष्यबळ, चारचौघांतला अपमान आणि सांगलीपासूनचं अंतर. यातल्या अंतरावर राजीनाम्याखेरीज दुसरा अर्जही आहे. २०१४ साली केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने सरकारी बँकांना सूचना केली होती, की विवाहित महिला कर्मचाऱ्यांची नेमणूक शक्यतो नवऱ्याच्या गावी किंवा जवळपास करावी. तिचा आधार घेऊन बदलीचा अर्ज करा. नवऱ्याच्या शाळेचं नोकरीचं प्रमाणपत्र, मुलीच्या शाळेचा दाखला जोडा, अर्ज शाखाधिकाऱ्यांमार्फत पाठवा आणि पोच घ्या. केलाच असेल तर स्मरणपत्र द्या. तेही केलं असेल तर संघटनेमार्फत.

मोबाइलमधला तो मसुदा पुसू नका. दार आहे हे माहीत असलं की खोलीत बसवतं. फक्त त्यावर तीन महिन्यांनंतरची तारीख घाला आणि वहीच्या उजव्या बाजूला लिहा, ‘सस्पेन्स’. तोवर डॉक्टर, रजा, बदलीचा अर्ज आणि शाखाधिकाऱ्यांशी बोलणं, हे चारही करून झालेलं असू दे. त्या दिवशी छाती शांत असताना मसुदा वाचा. तेव्हाही सही करावीशी वाटली तर करा, आणि घरच्यांना सांगायला मदत लागली तर मला कळवा. तुमच्या नवऱ्याशी मी बोलेन.

तोवर एक काम माझ्यासाठी करा. रोज पाच वाजता, भीती किती आहे, शून्य ते दहा, एवढाच आकडा वहीच्या कोपऱ्यात टाका. पंधरा दिवसांचे पंधरा आकडे मला पाठवा. कमी झाले नसतील तरी पाठवा.